सहा सेंटिमीटरची पट्टी

आमच्या घरात काळ्या जाड कागदाचा एक अल्बम आहे. दोन पानांमध्ये बटर पेपर आणि कागदी कोपऱ्यांत अडकवलेले सव्वादोन इंची चौकोनी फोटो. पाटावर बसवलेलं बाळ, सायकलला टेकून उभा असलेला काका, तुळशीवृंदावनाशेजारी नऊवारीतली आजी. हे फोटो इतके लहान का, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. उत्तर बऱ्याच वर्षांनी कळलं. ते मोठे केलेलेच नव्हते. फोटोच्या कागदावर निगेटिव्ह ठेवायची, वरून क्षणभर उजेड पाडायचा, की निगेटिव्हएवढाच फोटो तयार. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. मध्ये एन्लार्जर नाही. तरीही आजीच्या नथीतले मोती मोजता येतात.

ते फोटो क्लिक थ्रीवर काढलेले होते. आग्फाचा हा साधा, काळा कॅमेरा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. लेन्स म्हणजे एकच भिंग, उजेडासाठी ऊन आणि ढग अशा खुणा, आणि एका रोलात बारा फोटो. मध्यमवर्गीय घराला परवडणारं हे यंत्र होतं. पण त्यात पडणारा रोल मात्र तोच होता, जो नावाजलेल्या स्टुडिओंतल्या महागड्या कॅमेऱ्यांत पडायचा. त्याचं नाव एकशेवीस.

एकशेवीसचा रोल कोडॅकनं 1901 साली आपल्या नंबर टू ब्राउनी या पेटीवजा कॅमेऱ्यासाठी बाजारात आणला. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म, तिच्या पाठीला उजेड अडवणारा कागद आणि त्यावर छापलेले आकडे, इतकाच त्याचा संसार. कडेला भोकं नाहीत. म्हणून चित्र किती लांबीचं घ्यायचं, ते कॅमेरा बनवणाऱ्यानं ठरवायचं. साडेचार सेंटिमीटरचं घेतलं तर सोळा फोटो, चौकोनी घेतलं तर बारा, सातचं घेतलं तर दहा, नऊचं घेतलं तर आठ. एका बाजूला काचेच्या मोठ्या प्लेटा, दुसऱ्या बाजूला सिनेमाकडून आलेली 35 मिलिमीटरची फिल्म. या दोहोंच्या मधलं हे माप, म्हणून त्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात. कोडॅकनं काढलेली रोलची इतर कितीतरी मापं काळाच्या ओघात बंद पडली. एकशेवीस टिकला.

या पट्टीला तिच्या तोलाचं यंत्र मिळालं ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात. पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके या दोघांनी 1920 साली तिथे कारखाना काढला आणि 1929 साली रोलीफ्लेक्स बाजारात आणला. एकावर एक अशा दोन लेन्स, वरची बघायला आणि खालची फोटो घ्यायला. वरच्या लेन्समागे तिरका आरसा, आणि आरशातलं चित्र माथ्यावरच्या घासलेल्या काचेवर उमटतं. डोळा भोकाला लावायचा नाही. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली करून त्या चौकोनात बघायचं. चित्र सुलट दिसतं, पण डावं उजवीकडे जातं. चालत्या माणसाच्या मागे कॅमेरा फिरवायचा तर सुरुवातीला हात हमखास उलटीकडे वळतो. आठवडाभरात सवय होते.

1937 च्या रोलीफ्लेक्स ऑटोमॅटमधली एक करामत मला आजही थक्क करते. रोल भरताना कागदाचं टोक दोन बारीक रुळांच्या मधून ओढून घ्यायचं, पाठ लावायची आणि उजवीकडची दांडी फिरवायची. आधी नुसता कागद सरकतो. जिथे फिल्म कागदाला चिकटवलेली असते, तिथे जाडी केसभर वाढते. रुळांना ती जाणवते, आतली कळ पडते आणि मोजणी सुरू होते. एका आकड्यावर दांडी आपोआप थांबते. त्यानंतर दांडीच्या एकाच हेलकाव्यात फिल्म पुढे जाते आणि शटरही चढतं. ना बॅटरी, ना तार. कागद आणि फिल्म यांच्या जाडीतला फरक ओळखणारं निव्वळ पोलाद आणि पितळ. ब्राउनश्वाइगच्या कारागिरांनी हे केलं, आणि नीट सांभाळलेल्या कॅमेऱ्यात ते आजही चालतं.

मान खाली घालून बघण्यामुळे समोरच्या माणसाशी असलेलं नातंच बदलतं. फोटो काढणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यामागे लपत नाही. बोलता बोलता फोटो निघतो. नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, रोलीफ्लेक्स घेऊन त्या दिल्लीच्या समारंभांत पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दीत उभ्या राहत. सत्तांतराची ती वर्षं आपण आज डोळ्यांसमोर आणू शकतो, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तिकडे शिकागोत मुलं सांभाळण्याची नोकरी करणारी व्हिव्हियन मायर गळ्यात रोलीफ्लेक्स अडकवून वर्षानुवर्षं रस्त्यावरची माणसं टिपत राहिली. तिचं काम जगापुढे आलं ते 2007 नंतर. दोघींच्या फोटोंत माणसं पोटाच्या उंचीवरून, किंचित खालून दिसतात. साधा माणूसही त्यामुळे ताठ आणि भारदस्त वाटतो.

आता मापाचं गणित. 35 मिलिमीटर फिल्मवरचं चित्र 24 गुणिले 36 मिलिमीटरचं असतं. एकशेवीसवरचा चौकोन प्रत्यक्षात सुमारे 56 गुणिले 56, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. दहा इंची चौकोनी प्रिंट करायची, तर लहान फिल्मवरचं चित्र साडेदहा पट ताणावं लागतं. मोठ्या फिल्मवरचं साडेचार पटींत भागतं. ताण कमी, म्हणून दाणा दिसत नाही. गालावरच्या उजेडाकडून सावलीकडे जाताना राखाडी छटांच्या पायऱ्या जाणवत नाहीत. शिवाय साध्या नजरेच्या फोटोसाठी लहान फिल्मला 50 मिलिमीटरची लेन्स लागते, इथे 80 मिलिमीटरची. त्यामुळे चेहऱ्यावर फोकस केला की मागची भिंत हळुवारपणे विरते. मीडियम फॉरमॅटच्या पोर्ट्रेटमध्ये माणूस वेगळा उठून दिसतो, त्याचं कारण या दोन गोष्टींत आहे.

पण गणितानं सगळं आकर्षण उलगडत नाही. माझ्या मते खरी गोष्ट अशी की ही निगेटिव्ह माणसाच्या डोळ्याच्या आणि बोटांच्या मापाची आहे. मी रोल घरीच धुतो. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाचं पाणी कोमट येतं आणि डेव्हलपरला वीस अंश लागतात. मग माठातलं पाणी आणि बर्फाचे खडे घेऊन थर्मामीटरकडे बघत बसायचं. डी-76 हा डेव्हलपर कोडॅकनं 1927 साली दिला, अजून त्यावरच भिस्त आहे. डेव्हलप, स्टॉप, फिक्सर, मग धुणं. शेवटी डबीतून ओली पट्टी उलगडते आणि न्हाणीघरातल्या दोरीला चिमट्यानं लटकते. त्या क्षणी, भिंगाशिवाय, मला चेहरे ओळखू येतात. कोण हसलं, कोणाचे डोळे मिटले, ते कळतं. 35 च्या पट्टीवर हे सारं अंदाजानं घ्यावं लागतं, इथे निगेटिव्ह सरळ वाचता येते.

वाचता येते, म्हणून तिच्यावर हातानं कामही करता येतं. जुन्या स्टुडिओंत रिटचिंग करणारा कारागीर असे. मागून उजेड असलेल्या तिरक्या फळीवर निगेटिव्ह ठेवून, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं तो मुरुमाच्या डागावर शिसं भरायचा. डाग निगेटिव्हवर पारदर्शक असतो. शिसं भरलं की प्रिंटवर तिथली त्वचा उजळते. लग्न ठरवण्यासाठी पाठवलेल्या कितीतरी फोटोंवर असं काम झालं आहे. पुढे लग्नाच्या मांडवात यशिका आला. रोलीफ्लेक्सच्याच घाटाचा हा जपानी कॅमेरा, त्यातही 1970 ते 1986 या काळात बनलेला मॅट 124 जी, छोट्या शहरांतल्या फोटोग्राफरांचा भरवशाचा सोबती झाला. अंतरपाट दूर होतानाचा फोटो बारापैकी एका चौकोनात बसवायचा होता, आणि ती मंडळी तो बसवत.

आजची स्थिती स्वच्छ सांगायला हवी. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समध्ये ‘इंदू’ नावाची फिल्म बनायची, तो कारखाना बंद पडला. रोलीफ्लेक्स बनवण्याचं काम 2015 साली थांबलं. रोल महाग झाले आहेत, आणि शटर उघडून साफ करणारे मेकॅनिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. वेग आणि सोय यांत डिजिटल पुढे आहे, यात वाद नाही. तरी इंग्लंडमधल्या मॉबर्लीत इलफर्ड आणि अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये कोडॅक एकशेवीसचे रोल अजून बनवतात. आज विकत घेतलेला रोल 1937 च्या ऑटोमॅटमध्ये बसतो आणि बडोद्याच्या क्लिक थ्रीमध्येही बसतो. इतक्या वर्षांनंतरही ताज्या मालावर चालणारी यंत्रं फार थोडी आहेत.

ज्याला ही वाट धरायची आहे, त्यानं महागड्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. घरच्या माळ्यावर क्लिक थ्री असेल तर आधी त्याची पाठ उघडून आत उजेड शिरतो का ते बघावं, आणि एक रोल घालावा. आणि ज्यांना कॅमेऱ्यात रस नाही, त्यांच्याकडे एकच मागणं आहे. जुन्या पेटीत, औषधाच्या रिकाम्या खोक्यात, बँकेच्या पाकिटात चौकोनी निगेटिव्ह सापडल्या तर त्या टाकून देऊ नका. कडेला धरा, बोटांचे ठसे उमटू देऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवा. त्याआधी एकदा खिडकीच्या उजेडात धरून बघा आणि पाकिटावर नावं लिहा. ती माणसं ओळखणारी घरातली वडीलधारी मंडळी आहेत, तोवरच हे काम होईल.