समोरच्या वाऱ्यात सायकल का जड होते?

पावसाळ्यात पश्चिमेकडे निघालेल्या सायकलस्वाराला सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. चाकांत हवा असते, चेनला तेल असते, तरी दम लागतो आणि मांड्या भरून येतात. ‘आता वय झालं,’ असे म्हणून काही जण सायकल कोपऱ्यात उभी करतात. पण दोष बहुतेक वेळा वाऱ्याचा असतो.

सायकलचा वेग दुप्पट झाला की हवेचा अवरोध चौपट होतो आणि त्याविरुद्ध आठपट शक्ती लावावी लागते. समोरून वारा असेल तर त्याचाही वेग हिशेबात धरावा लागतो. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चाललात आणि समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आला, तर अंगावर ताशी २५ किलोमीटरची हवा आदळते. अवरोध जवळपास पावणेतीनपट होतो.

या अवरोधातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा सायकलचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. त्यामुळे महागड्या सायकलपेक्षा साधे बदल अधिक उपयोगी पडतात. फडफडणारा घोळदार रेनकोट टाळा; अंगासरशी बसणारा घाला आणि त्याची चेन गळ्यापर्यंत लावा. हँडलला पिशव्या लटकवू नका, सामान मागे कॅरिअरवर बांधा. कोपर बाहेर न काढता किंचित वाकवून शरीराजवळ ठेवा. कमरेतून थोडे पुढे झुका, पण नजर रस्त्यावरच हवी. मान किंवा मनगट दुखू लागले तर सरळ बसा. वारा अडावा म्हणून बस-ट्रकच्या मागे चिकटून मात्र कधीही जाऊ नका. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर थांबायला जागा उरत नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे वेग कमी करणे. वरच्याच उदाहरणात ताशी १५ ऐवजी १२ किलोमीटरने गेलात, तर वाऱ्याविरुद्ध लागणारी शक्ती एक तृतीयांशाहून अधिक कमी होते. गिअर असतील तर हलका गिअर टाका. जड गिअरवर जोर लावत राहिल्यास गुडघ्यांवर ताण येतो. पाच किलोमीटरच्या वाटेवर यासाठी फक्त पाच मिनिटे जास्त लागतात. वाऱ्याच्या दिवशी तेवढे लवकर निघा.