पगार वाढला, शिकणं वाढलं का?

महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षं ठरावीक मानधन, मग कायम नेमणूक. प्राथमिकला महिन्याला ३,००० रुपये मिळत. पुढे ६,००० झाले आणि जानेवारी २०२३ पासून १६,०००. पिंपळनेरच्या पश्चिमेला, साक्री तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात नेमणूक झालेल्या परजिल्ह्यातल्या तरुणानं सहा हजारांत खोलीभाडं आणि पेट्रोल भागवून घरी काय पाठवायचं? इतकी वर्षं हे चालू दिलं, हा अन्यायच होता.

तरीही माणसं शाळेत येत होती. २००३ मध्ये एका पाहणीत देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी दिल्या गेल्या, तेव्हा सुमारे २५ टक्के शिक्षक गैरहजर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी.

नुसत्या पैशानं मात्र भागत नाही. इंडोनेशियानं २००५ च्या कायद्यानं प्रमाणित शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट केलं. शिक्षक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले. मुलांच्या गुणांत फरक पडला नाही.

आपल्याकडे खरी ओढाताण वेळेची आहे. घरी अहिराणी, भिली किंवा कोकणी बोलणारं पहिलीचं पोर पुस्तकातल्या मराठीपाशी अडतं, तेव्हा गुरुजींनी शेजारी बसायला हवं. द्विशिक्षकी शाळेत त्याच वेळी एक जण मोबाइलवर पोषण आहाराची नोंद भरत असतो, दुसरा मतदारयादीच्या कामाला गेलेला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं मान्य केली आहेत. माहिती भरण्याचं रोजचं काम त्यात कुठेच नाही.