तुरीचा मर रोग व बियाण्याचा वारसा

हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यांस तुरीचा मर रोग परिचित आहे. जमिनीतील फ्युजेरियम बुरशी मुळांवाटे शिरून रसवाहिन्या बंद करते व फुलोऱ्यातील झाड उभेच वाळते. खोड चिरल्यास आत काळसर रेषा दिसतात.

बदनापूर संशोधन केंद्राचा बीएसएमआर ७३६ हा वाण या रोगास प्रतिकारक आहे. हा गुण बियाण्यातून पुढे उतरतो; परंतु बीजाचा अर्धा वारसा परागाकडून येतो. मधमाश्यांनी शेजारच्या रोगास बळी पडणाऱ्या वाणाचा पराग आणल्यास घरच्या बियाण्यातून पुढील पिढ्यांत मरणारी झाडे निपजतात.

म्हणून बियाण्याची तूर इतर तुरीपासून दूर पेरावी, भेसळीची झाडे फुलोऱ्यापूर्वीच उपटावीत व ठरावीक काळाने प्रमाणित बियाणे घ्यावे. ग्रामसेवकांनी हे शेतकऱ्यांस पटवून द्यावे.