विश्लेषण : ४४३ धावा, तरीही नाबाद, सरासरीच्या गणितात ‘बाद न होण्या’ला किती किंमत?

रावेतहून मुकाई चौक, किवळे ओलांडून पुढे गेलं, की द्रुतगती मार्गालगत गहुंज्याचं स्टेडियम दिसतं. ऑक्टोबर २०१९मध्ये विराट कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इथेच नाबाद २५४ धावा केल्या. कसोटीतली ही त्याची सर्वोच्च खेळी. २५४ हा आकडा अनेकांना आठवतो. त्यापुढची नाबादची चांदणी फारशी कुणी पाहत नाही. सरासरीच्या हिशोबात मात्र तीच महत्त्वाची.

नाबाद राहिल्याने काय फरक पडतो?

सरासरी काढताना एकूण धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत. फलंदाज किती वेळा बाद झाला, त्या संख्येने भागतात. समजा, पाच डावांत २०० धावा झाल्या आणि दोन डावांत तो नाबाद राहिला. मग सरासरी ४० नाही, ६६.६६ होते. खालच्या क्रमांकावर येणाऱ्यांना याचा फुकटचा लाभ मिळतो, हा आक्षेप जुना आणि काहीसा खराही आहे.

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये नेमकं उलटं झालं. चेंडूफेक्याचे वाईट चेंडू सोडून फलंदाज फुकट पहिल्या बेसवर पोहोचला, तरी फलंदाजीच्या सरासरीत त्याला श्रेय नसे. आकडेवारीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटचा वार्ताहर. ही चूक गोलंदाजाची, असं त्याचं मत; आपल्याकडे वाइडची धाव फलंदाजाच्या खात्यात जात नाही, तसंच. १८९०च्या दशकातले जॉन मॅकग्रॉ आणि बिली हॅमिल्टन यांची कारकीर्द पाहिली, तर ते १००पैकी ४५हून जास्त वेळा बेसवर पोहोचत. पण हे प्रमाण तिथे अधिकृत आकडेवारीत आलं १९८४मध्ये!

रणजीचे सुरुवातीचे मानकरी कोण?

रणजी स्पर्धा १९३४-३५मध्ये सुरू झाली. मुंबईच्या विजय मर्चंट यांची या स्पर्धेतली सरासरी ९८च्या वर. महाराष्ट्राकडून विजय हजारे यांनी १९३९-४०मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतलं हे पहिलं त्रिशतक. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी रणजी जिंकली.

निंबाळकरांचं काय झालं?

डिसेंबर १९४८. पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३वर खेळत होते. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. आपल्याविरुद्ध असा विक्रम नोंदला जाणं त्यांना नको होतं. महाराष्ट्राने दोन-तीन षटकांत डाव घोषित करण्याची तयारी दाखवली होती, असं सांगतात. त्यांनी तीही मानली नाही.

म्हणजे ४४३ धावांना भागायला त्या डावातून एकही ‘बाद’ मिळाला नाही. सरासरीला यापेक्षा मोठं दान ते कोणतं! निवड समितीला मात्र त्याचं वजन वाटलं नसावं. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या आजही त्यांचीच आहे.

११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. त्यानंतर नऊ दिवसांनी गहुंज्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला.