परदेशी शेअर्स : आधी आडत्या पारखून घ्या

मोबाईलवर बोट फिरवले की अॅपल, मायक्रोसॉफ्टचे शेअर्स घेता येतात, असे आपली तरुण मुले सांगतात. खोटे नाही. पण अमेरिकेचा शेअर घेणे म्हणजे परगावच्या पेठेतून माल मागविण्यासारखे आहे. माल कितीही चांगला असो, आडत, हुंडावळ आणि वाटखर्च यांचा हिशेब आधी केला नाही तर मुनाफा वाटेतच संपतो. कोणता शेअर घ्यावा हे मी सांगणार नाही. कोणत्या दुकानातून घ्यावा, एवढाच आजचा विषय.

प्रथम कायदा. रिझर्व्ह बँकेची एलआरएस नावाची योजना २००४ पासून आहे. तिच्याखाली भारतात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. ही सवलत व्यक्तीला आहे, भागीदारी पेढीला नाही. म्हणून दुकानाच्या खात्यातून पैसे पाठवू नयेत. पॅन कार्ड लागतेच. वर्षात १० लाख रुपयांपेक्षा जास्त पाठविल्यास वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ घेते. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. पण तोपर्यंत भांडवल अडकून पडते, आणि अडकलेल्या भांडवलाचे दुःख व्यापाऱ्याला सांगावयास नको.

आता दुकाने. वेस्टेड, आयएनडीमनी यांसारखी भारतीय अॅप्स ही समोरची गादी आहे. आपले खरे खाते अमेरिकेतील ब्रोकरकडे उघडले जाते. दुसरा मार्ग, इंटरअॅक्टिव्ह ब्रोकर्ससारख्या परदेशी ब्रोकरकडे थेट खाते. त्यात माल भरपूर, पण नवख्याला पडदा पाहूनच घाम फुटेल. तिसरा मार्ग, परदेशी शेअर्स घेणारे भारतीय म्युच्युअल फंड. येथे व्यवहार रुपयात होतो, डॉलर पाठविण्याची कटकट नाही. मात्र या फंडांना बाहेर गुंतवण्याची एकत्रित मर्यादा आहे. २०२२ मध्ये ती भरत आली तेव्हा अनेक फंडांनी नवे पैसे घेणे थांबविले होते.

जाहिरातीत 'दलाली शून्य' असे ठळक अक्षरांत असते. त्यावर जाऊ नका. खरी आडत डॉलरच्या भावात लपलेली असते. समजा, बँक प्रत्येक वेळी ५०० रुपये घेते आणि डॉलर बाजारभावापेक्षा १ टक्का महाग देते. तुम्ही १०,००० रुपये पाठविले तर ६०० रुपये, म्हणजे ६ टक्के, जाताच गेले. तेच १ लाख पाठविले तर खर्च १,५०० रुपये, म्हणजे दीड टक्का. एक-एक थान स्वतंत्र पार्सलने मागविणारा दुकानदार कधी कमावत नाही. दरमहा थोडे थोडे टाकायचे असेल तर फंड बरा, किंवा रक्कम साठवून वर्षातून एकदोनदा पाठवावी. अॅप निवडताना त्या दिवशीचा डॉलरचा भाव, बँकेचा आकार आणि पैसे परत आणण्याचा आकार, हे तीन आकडे लेखी मागून घ्या. देण्यास टाळाटाळ झाली तर पुढच्या दुकानात चला.

दुसरा प्रश्न अमानतीचा. शेअर कोणत्या ब्रोकरकडे ठेवला जातो, त्याचे नाव विचारा आणि ते फिन्रा या अमेरिकन संस्थेच्या ब्रोकरचेक सेवेत तपासा. पैसे पडत नाहीत. तो ब्रोकर एसआयपीसीचा सदस्य असला पाहिजे. ब्रोकर बुडून मालमत्ता गहाळ झाल्यास तेथे ५ लाख डॉलरपर्यंत संरक्षण आहे, त्यात रोख २.५ लाखापर्यंत. शेअरचा भाव पडला तर मात्र कोणी भरून देत नाही. आणि समोरची गादीच बंद झाली तर मागच्या ब्रोकरपर्यंत मी कसा पोहोचणार, हेही आधीच विचारा.

पडून राहिलेल्या रकमेवर काही ठिकाणी व्याज जमा होते. ज्यांना ते नको आहे त्यांनी ते बंद करता येते का, हे खाते उघडण्यापूर्वी पाहावे. न गुंतवलेली रक्कम तशीही १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवता येत नाही.

कराची बाब थोडक्यात. लाभांशातून अमेरिका २५ टक्के कापते. त्याची वजावट येथे मागता येते. शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकला तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो, एक शेअर असला तरी. न भरल्यास काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला तो दंड लागत नाही, पण तक्ता भरण्यातून सूट नाही. हा तक्ता जानेवारी ते डिसेंबर असा मागतात. जे अॅप तो तयार करून देते, त्याला थोडी जास्त आडत द्यायला हरकत नाही.

वारसांचा विचार फारसा कोणी करीत नाही. परदेशी माणसाच्या मृत्यूनंतर ६०,००० डॉलरवरील अमेरिकन मालमत्तेवर तेथे वारसा कर लागतो, आणि तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. खात्याची माहिती घरात एकाला तरी असू द्या.

सुरुवात लहान रकमेने करा. शेअर घ्या, त्यातला थोडा विका आणि पैसे आपल्या बँकेत परत मागवून पाहा. किती दिवस लागले, किती कापले, ते वहीत लिहा. मोठी रक्कम त्यानंतर.