बर्लिनला जाताय? तिकिटावर शिक्का मारा!

इंटर्नशिप, एम.एस. किंवा एखाद्या कॉन्फरन्सच्या निमित्ताने आपली मंडळी जर्मनीला जातात. बर्लिनमध्ये काय बघायचं हे गाइडबुकात सापडतं. पण नवख्याच्या खिशाला कात्री लागते ती भलत्याच ठिकाणी, म्हणजे स्टेशनात!

उ-बान (मेट्रो) आणि एस-बान (आपली लोकल समजा) यांच्या स्टेशनांवर गेटच नाही. कोणी अडवत नाही. मशीनमधून तिकीट काढलं आणि गाडीत बसलो, असं वाटतं. पण प्लॅटफॉर्मवर एक छोटी पेटी असते. त्यात तिकीट सरकवलं की तारीख-वेळेचा शिक्का उमटतो. मुंबईत एकेकाळी लोकलचं कूपन पंच करायचे ना, तसंच. ज्या तिकिटावर आधीच वेळ छापलेली नसते, ते शिक्क्याशिवाय चालत नाही. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. दारं बंद झाली की ओळखपत्र काढतात. दंड ६० युरो! "माहीत नव्हतं" हे तिथे उत्तर नाही. मोबाइलवर तिकीट काढायचं तर गाडीत चढण्यापूर्वी काढा, चढल्यावर नव्हे.

दुसरी चूक झोनची. शहराचे ए, बी, सी असे भाग आहेत. शहरात एबी तिकीट पुरतं, पण २०२० मध्ये सुरू झालेला नवा विमानतळ सी झोनमध्ये येतो. त्यामुळे विमानतळाहून येता-जाता एबीसी तिकीटच हवं. एकेरी तिकीट दोन तास चालतं, गाड्या कितीही बदला; मात्र त्यावर परत यायचं नाही. दिवसभर हिंडायचं असेल तर २४ तासांचं घ्या. महिनाभर राहणाऱ्यांनी २०२३ मध्ये सुरू झालेलं 'डॉइचलांडटिकेट' बघावं. देशभरच्या लोकल आणि रीजनल गाड्यांत चालतं, आयसीईत नाही. पण ते दरमहा आपोआप वाढतं. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच म्हणून समजा.

रविवारी बहुतेक दुकानं बंद, अगदी किराण्याचीही. शनिवारीच ब्रेड-दूध आणून ठेवा. राहिलंच तर मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट गाठा. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटली घेतलीत तर लेबल नीट बघा, नाहीतर सोडा निघायचा! रिकामी बाटली टाकू नका. प्लॅस्टिकच्या बाटलीवर बहुधा २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातली की पावती येते, ती काउंटरवर दाखवायची.

संसदेच्या काचेच्या घुमटावर जायला पैसे पडत नाहीत, पण आधी नाव नोंदवावं लागतं आणि पासपोर्ट जवळ हवा. झू स्टेशन ते अलेक्झांडरप्लात्स ही १०० नंबरची साधी बस बऱ्याच प्रसिद्ध ठिकाणांवरून जाते. टूरिस्ट बसचे पैसे वाचतात.

आणि आपल्या जातकुळीची जागा म्हणजे टेक्निक म्युझियम. (सोमवारी बंद.) कोनराड त्सूझ या इंजिनिअरने १९३६ ते ३८ या काळात आईवडिलांच्या दिवाणखान्यात झेड-१ हे यांत्रिक गणनयंत्र बनवलं. ते युद्धात नष्ट झालं. १९८० च्या दशकात म्हातारपणी त्याने स्वतःच ते पुन्हा उभं केलं, ते इथे आहे. पत्र्याच्या पट्ट्या सरकून बायनरी गणित! कॉम्प्युटरवाल्यांनी किमान दोन तास ठेवावेत, मेकॅनिकलवाल्यांनी तीन.