हेड हॉल्टर म्हणजे मुसकं नव्हे

हेड हॉल्टर घातलेला लॅब्रेडॉर दिसला की लोक आपल्या मुलांना मागे ओढतात आणि विचारतात, "चावतो का हो?" नाकावरून पट्टा गेलाय म्हणजे तोंड बांधलंय, असा सर्रास समज आहे. बैलाचं मुसकं आणि म्होरकी यांत जो फरक, तोच इथे आहे. मुसकं तोंड अडवतं, म्होरकी डोकं वळवते. हॉल्टर घातलेला कुत्रा जांभई देतो, धापा टाकतो, पाणी पितो, चेंडू तोंडात धरतो. आणि हो, चावूही शकतो. त्यामुळे चावऱ्या कुत्र्याला हॉल्टर पुरत नाही; त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील असं जाळीचं मुसकं, म्हणजे मझल लागतं.

हॉल्टरचा एक पट्टा नाकावरून आणि दुसरा मानेभोवती जातो; लीश हनुवटीखालच्या कडीला अडकवतात. कुत्र्याने पुढे जोर केला की त्याचं तोंड बाजूला वळतं आणि ओढण्यातली ताकदच निघून जाते. ब्रिटनमध्ये रॉजर मगफर्ड यांची 'हॉल्टी' आणि अमेरिकेत पशुवैद्य आर. के. अँडरसन यांनी रूथ फॉस्टर यांच्यासोबत तयार केलेला 'जेंटल लीडर' याच तत्त्वावर चालतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मापात. गळा आवळेल या भीतीने मानेचा पट्टा सैल ठेवायचा आणि निसटू नये म्हणून नाकाचा घट्ट करायचा, हे अगदी उलटं आहे. जेंटल लीडरसारख्या हॉल्टरचा मानेचा पट्टा कानांच्या लगेच मागे, उंचावर बसतो. तो घट्टच हवा, पट्ट्याखाली जेमतेम एक बोट जाईल इतका. तो खाली घसरला की नाकावरचा पट्टा हलतो, डोळ्यांकडे चढतो आणि नाकावरचे केस घासून जातात. नाकाचा पट्टा मात्र सैल हवा. बोटाने पुढे ओढून पाहा: केस संपून नाकाचा उघडा भाग सुरू होतो तिथपर्यंत तो यावा, पण नाकावरून निघू नये. इतर बनावटींची रचना थोडी वेगळी असते, तेव्हा सोबतचा कागद जरूर वाचा.

कुत्रा पंजाने तोंड घासू लागला की घरचे हळहळतात, "दुखतंय बिचाऱ्याला." बहुतेक वेळा ते दुखणं नसतं, नवखेपण असतं. घाई आपण केलेली असते. पहिल्या दिवशी पट्टा बांधूच नये. नाकाच्या पट्ट्यातून पनीरचा तुकडा पुढे धरावा, तो स्वतःहून तोंड आत घालू लागेपर्यंत. बांधणं पुढच्या दिवसांत, तेही आधी क्षणभरच. एवढं करूनही तो घासतच राहिला तर माप तपासा, कातडी सोललीय का बघा. काहींना हॉल्टर कधीच रुचत नाही. त्यांना छातीवर कडी असलेला हार्नेस द्यावा, हट्ट धरू नये. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना तर हॉल्टर बसतच नाही.

हॉल्टर घातला म्हणजे शिकवायची गरज संपली, असंही नाही. लीश सैल असताना शाबासकी आणि खाऊ मिळाला तरच कुत्रा न ओढता चालायला शिकतो. झटका मात्र कधीही देऊ नका. तो थेट मानेला बसतो. लांब सुटणारी, गुंडाळणारी लीशही याला लावू नये, कारण धावत सुटलेला कुत्रा तिच्या टोकाला पोचला की तोच झटका बसतो.

फिरून आल्यावर हॉल्टर काढून ठेवा. आणि रस्त्यावर तो निसटलाच तर कुत्रा मोकळा सुटू नये, म्हणून एक छोटी जोडपट्टी लीशच्या कडीपासून नेहमीच्या कॉलरला अडकवा.